घरचा ओव्हन आणि सराफ्याची कढई

प्रश्न : माझे वय ५९ आहे आणि आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. शाळेतील शिक्षिकेची नोकरी सोडून दोन वर्षे झाली. त्यानंतर मी हौसेने २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) घेतला आणि केक, पाव, नानखटाई, दालबाफले असे बरेच काही करून पाहिले. परंतु माझा केक दर वेळी मध्यभागी बसतो आणि त्याला सोड्याचा वास येतो. शेजारच्या बाई म्हणतात की माळव्याचे पठार उंचावर असल्यामुळे येथे केक नीट फुगतच नाही. बाहेर एखादा पदार्थ आवडला की दुसऱ्याच दिवशी मी तो घरी करून पाहते, पण साधे पोहेसुद्धा ठेल्यावरच्यासारखे होत नाहीत. हॉटेलात गेले की मला राहवत नाही, ‘एवढ्या पैशांत घरी दहा जणांचे जेवण झाले असते’ असे मी बोलून जाते आणि त्यावरून घरात कुरबूर होते. गेल्या महिन्यात माझा केक पाहून मुलगा म्हणाला, ‘आई, कशाला एवढा त्रास घेतेस? याहून चांगला विकत मिळतो.’ तेव्हापासून मी ओव्हनला हात लावलेला नाही. मार्गशीर्षात ह्यांची षष्ट्यब्दी आहे आणि चाळीसेक माणसे येतील. केक मी करावा, बाहेरून आणावा, की हा नादच सोडून द्यावा? माझी कृती अशी आहे : २ वाट्या मैदा, १ वाटी दही, १ वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दीड चमचा सोडा, १ चमचा बेकिंग पावडर. सासूबाई निखाऱ्यांवर तवसळी, म्हणजे काकडीचा गोड केक, भाजत असत, ते पितळी पातेले अजून माळ्यावर आहे. ते पाहिले की वाटते, त्यांना जमले ते मला का जमू नये?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

हा नाद सोडू नका. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचे तुम्ही निवांतपणे वाचाल. तुमच्या पत्रात मला हातात कसब नसलेली बाई कुठेही दिसली नाही. दिसली ती चुकीच्या मापाने काम करणारी आणि चुकीच्या माणसाशी स्पर्धा लावून बसलेली एक मेहनती गृहिणी. माप दुरुस्त करणे सोपे आहे. स्पर्धेचे थोडे अवघड आहे, म्हणून त्याबद्दल सावकाश लिहिते.

आधी केक. तुम्ही कृती लिहून पाठवलीत हे फार चांगले केले, कारण दोष तिच्यातच स्पष्ट दिसतो आहे. खाण्याचा सोडा एकटा नीट काम करत नाही. त्याला आंबट काहीतरी मिळाले की त्यातून वायू सुटतो आणि केकला जाळी पडते. एक कप दह्याची आंबटी साधारण अर्धा चमचा सोडा संपवू शकते. तुम्ही घालता दीड चमचा, म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण चमचा सोडा आंबटीवाचून उरतो, आणि तुम्हाला येतो तो साबणासारखा वास त्याचाच असतो. अशा केकचा रंगही आतून जरा तपकिरी, मळकट येतो. शिवाय एवढ्या सोड्याने मिश्रण सुरुवातीला भराभर वर येते, परंतु मैदा शिजून ती जाळी पक्की व्हायच्या आतच वायू निसटतो आणि सर्वांत शेवटी शिजणारा मधला भाग खाली बसतो. थोडक्यात, तुमचा केक फुगत नाही असे नाहीच. तो गरजेपेक्षा जास्त आणि गरजेपेक्षा लवकर फुगतो. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर त्याला लागणारी आंबटी कोरड्या रूपात घातलेलीच असते, म्हणून फुगवण्याचे बाकीचे काम तिच्यावर सोपवावे. दीड कप मैदा, एक कप ताजे घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा, एवढे प्रमाण ठेवून एकदा करून पाहा. मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटू नका, कारण मैदा जितका घोटाल तितका त्यातला चिवटपणा वाढतो आणि केक वातड होतो. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा आणि भांडे लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे.

मी वर ‘कप’ आणि ‘चमचा’ म्हटले ते मुद्दाम. आपल्या घरातल्या वाट्या आमटीसाठी उत्तम असतात, पण प्रत्येक घरची वाटी निराळी असते आणि चहाचा चमचाही निराळा असतो. कप २४० मिलीलिटरचा आणि चमचा ५ मिलीलिटरचा, असा मापांचा साधा संच आणून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. मैदा चमच्याने हलकेच भरला तर एका कपात साधारण १२० ग्रॅम बसतो आणि डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे एकच बाई, एकच कप, आणि दोन दिवसांत दोन वेगवेगळे केक. आमटी चाखून सुधारता येते, पण केक ओव्हनमध्ये गेल्यावर तो सुधारण्याची संधी मिळत नाही. म्हणून ज्या बायकांचा स्वयंपाक अंदाजाने सुंदर होतो त्यांनाच केक सुरुवातीला जास्त त्रास देतो, हे मी अनेक घरांतून पाहिले आहे. त्यात हाताचा दोष नसतो.

तुमच्या शेजारच्या बाईंचे म्हणणे मात्र मनातून काढून टाका. उंचीचा केकवर परिणाम होतो हे खरे आहे, पण त्यासाठी ती उंची बरीच असावी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि येथे पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. एवढ्या फरकाने कृती बदलावी लागत नाही, तो विचार साधारण हजार मीटरच्या पुढे करायचा असतो. सिमल्यासारख्या दोन हजारांवर मीटर उंचीच्या गावी राहत असतात, तर मीही तुम्हाला सोडा कमी आणि पाणी जास्त करायला सांगितले असते. पुण्याची उंचीही जवळजवळ इंदूरइतकीच आहे, आणि पुण्याच्या बेकऱ्यांचे केक चांगले फुगतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ओव्हनकडे वळू. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेले असते, पण आत १८० असतेच असे नाही. वीस-पंचवीस अंशांचा फरक अगदी सर्रास आढळतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घ्यावा. तो मिळेपर्यंत साखरेने परीक्षा करता येते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. बटण १७५ वर ठेवून ओव्हन पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावा, मग एका छोट्या ताटलीत चमचाभर साखर ठेवून पंधरा मिनिटांनी पाहावे. साखर कोरडी राहायला हवी. नंतर बटण १९० वर नेऊन दुसरी चमचाभर साखर तशीच ठेवावी, ती वितळायला हवी. पहिलीच वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे, आणि दुसरीही कोरडी राहिली तर तो थंड आहे. एकदा हे कळले की बटण किती मागेपुढे करायचे ते कायमचे ठरून जाते.

हे लिहिताना मला लहानपणची भट्टी आठवते. दिवाळीच्या आधी आम्ही पत्र्याच्या डब्यांत मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन नानखटाई करून आणायला बेकरीत जात असू आणि रांगेत आपला डबा पुढे सरकवत तासन्‌तास थांबत असू. भट्टीवाले मामा लांब दांड्याचे फावडे आत घालण्यापूर्वी चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर फेकत आणि ते किती वेळात बदामी होते ते एकटक पाहत. पीठ क्षणात काळे झाले तर ते भट्टीचे दार उघडे ठेवून विडी ओढत बसायचे, आणि आमची कितीही चुळबुळ झाली तरी एकही ताट आत जात नसे. त्यांना अंश सेल्सियस ठाऊक नव्हते, पण आपली भट्टी त्या क्षणी काय म्हणते आहे हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी काम सुरू केले नाही. तुमची चमचाभर साखर म्हणजे त्यांचे ते चिमूटभर पीठच समजा.

केक आत गेल्यावर पहिली पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडू नका. आतला दिवा लावून काचेतून पाहा. दार उघडले की आतली गरम हवा भसकन बाहेर पडते आणि अर्धवट शिजलेला मधला भाग खचतो. भांडे असे ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल. लहान ओटीजीत वरची तापणारी कांब केकच्या फार जवळ येते, म्हणून बहुधा जाळी एक घर खाली घ्यावी लागते. पस्तीसेक मिनिटांनी मध्यभागी विणायची सुई खुपसून पाहावी आणि ती कोरडी निघाली की केक झाला. पुढचे चार केक याच कृतीचे करा, दर वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तुम्ही शिक्षिका होता, म्हणून वहीचे महत्त्व तुम्हाला समजावून सांगत बसत नाही.

पावाविषयी थोडक्यातच लिहिते, कारण षष्ट्यब्दीच्या आधी त्यात शिरू नये असे माझे मत आहे. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर इतके तापते की यीस्टचे पीठ तासाभरात फुगून आंबते. त्या दिवसांत पीठ गार पाण्याने भिजवावे आणि कोरड्या हवेने वर पापुद्रा धरू नये म्हणून ओले फडके घट्ट झाकावे. थंडीत त्याच पिठाला दुप्पट वेळ लागतो, तेव्हा ते बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावे. यीस्ट कोमट पाण्यातच भिजवावे. बोटाला चटका बसेल असे पाणी घेतले तर ते मरते.

आता पोहे, कारण त्यांत तुमच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तुम्ही बाहेर पोहे आवडीने खाल्ले, घरी येऊन जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव आणली, बडीशेप आणि साखरही घातली असेल, तरी ते तसे झाले नाहीत. उद्या सकाळी ज्या ठेल्यावरचे पोहे तुम्हाला आवडतात तेथे जा, बशी हातात घ्या आणि खाता खाता वरच्या पोह्यांऐवजी कढईच्या खाली पाहा. ती पसरट कढई विस्तवावर थेट ठेवलेली नसते. ती पाण्याच्या उकळत्या पातेल्यावर बसवलेली असते आणि पोहे सकाळभर त्या वाफेवर असतात. आपण मराठी घरांत कांदेपोहे कढईत परतून, वर झाकण ठेवून एक वाफ आणतो आणि लगेच वाढतो. ती आपली पद्धत आहे आणि तिची चव निराळी आहे, तिला मी कमी म्हणणार नाही. पण इंदुरी पोह्यांचा मऊ, मोकळा, तेल न सुटलेला पोत हवा असेल, तर भिजवून निथळलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आधीच लावावी, मोहरी, बडीशेप आणि मिरचीची फोडणी गॅस बंद करून त्यांत कालवावी आणि ते भांडे दुसऱ्या उकळत्या भांड्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे. कांदा कच्चाच, वरून घालायचा. मसाल्यात काही गुपित नव्हते, सगळे काम वाफेचे होते, आणि ते समोर असूनही दिसले नाही, कारण बशी हातात आली की आपण जिभेकडे लक्ष देतो आणि डोळे मिटून घेतो.

बाफल्यांचेही तसेच. ‘बाफला’ या नावातच बाफ, म्हणजे वाफ, आहे. रवाळ कणकेचे गोळे आधी उकळत्या हळदीच्या पाण्यात सोडून वर तरंगेपर्यंत शिजवतात, मग निथळून भाजतात. पाण्यात शिजताना बाहेरची कणीक चिकट होऊन तिचे एक आवरण तयार होते आणि आतला ओलावा टिकतो, म्हणून भाजल्यावर बाफला बाहेरून खरपूस आणि आतून मऊ राहतो. तो ओटीजीत २०० अंशांवर अर्ध्या तासात छान भाजला जातो. गोवऱ्यांच्या धुराचा वास मात्र तेथे येणार नाही, आणि तो आणण्यासाठी धडपडू नये. तो वास हवा असेल त्या दिवशी बाफले खायला गावाबाहेर जावे.

हाच विचार सगळ्या पदार्थांना लावून पाहा. तंदूर ४०० अंशांच्याही पुढे तापतो आणि तुमच्या ओटीजीची धाव २५० अंशांच्या आतबाहेर संपते. त्यामुळे घरी नान कडक झाला तर तो तुमचा पराभव नाही, एवढ्या कमी आचेत नान मऊ राहीलच कसा? थंडीत सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (एक कंद) तळतात ती कढई इतकी मोठी असते की ओंजळभर फोडी पडल्या तरी तेल गार होत नाही. घरच्या कढईत तेवढ्याच फोडी टाकल्या की तेल निवते आणि गराडू तेलकट होतो. घरी करायचा असेल तर तो थोडाथोडा, दोनदा तळावा, पहिल्यांदा मध्यम आचेवर शिजेपर्यंत आणि गार झाल्यावर पुन्हा कडक तेलात. उलट भुट्ट्याचा कीस माझ्या मते घरीच अधिक चांगला होतो. भाद्रपदातली कोवळी कणसे आपण स्वतः निवडून किसतो, तुपाच्या फोडणीवर परतून दूध घालतो आणि तूप सुटेपर्यंत मंद आचेवर हलवत उभे राहतो. एवढा वेळ गर्दीच्या ठेल्यावर कोणाला मिळणार? काही पदार्थ मोठ्या आगीचे असतात आणि काही सवडीचे असतात. आगीचे पदार्थ बाहेर जाऊन खावेत आणि सवडीचे घरी करावेत. असे वाटे घालून घेतलेत तर तुमची निम्मी निराशा आजच संपेल.

आणि आता ते अवघड बोलणे. तुमच्या मुलाचे वाक्य तुम्हाला लागले, आणि ते लागण्यासारखेच आहे. परंतु पत्रात त्याच्या दोन ओळी आधी तुम्ही स्वतःचे एक वाक्य लिहिले आहे. ‘एवढ्या पैशांत घरी दहा जणांचे जेवण झाले असते’, असे तुम्ही हॉटेलच्या टेबलावर म्हणता. तुमचा मुलगा म्हणतो, ‘याहून चांगला विकत मिळतो.’ ही दोन्ही वाक्ये एकाशेजारी एक ठेवून पाहा. दोघेही समोरच्या ताटाकडे पाहत नाही आहात, न आलेल्या दुसऱ्या ताटाकडे पाहता आहात. वर्षानुवर्षे घरचे आणि बाहेरचे यांची तुलना करायची भाषा त्याने कोठे ऐकली असेल? हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मीही हे केले आहे. माझ्या यजमानांना बढती मिळाली तेव्हा ते आम्हां सगळ्यांना हौसेने एका चांगल्या हॉटेलात घेऊन गेले होते. पहिला घास घेऊन मी म्हणाले, ‘यात काजू नाहीत, नुसता मगज वाटून घातला आहे.’ माझे म्हणणे खरे होते. पण त्यांनी हातातला चमचा बशीत ठेवला, तो आवाज मला अजून आठवतो, आणि नंतर कितीतरी महिने ते आम्हांला बाहेर जेवायला चला म्हणाले नाहीत. ज्याने बोलावले त्याला आपण पैशांचा किंवा मगजाचा हिशेब देतो, आणि त्याला तो आपल्या हौसेचा हिशेब वाटतो.

म्हणून पुढच्या वेळी बाहेर जाल तेव्हा दोनच गोष्टी करा. टेबलावर किमतीविषयी बोलू नका, आणि जो पदार्थ घरी सहज होतो तो मागवू नका. वरणभात आणि बटाट्याची भाजी मागवून त्याचे पैसे मोजले तर कोणालाही जिवावर येईल. जे आपल्या ओट्यावर होऊ शकत नाही ते मागवा आणि ते कसे झाले असेल यावर सगळ्यांनी मिळून तर्क करा. मुलालाही विचारा, ‘ही वरची काळे चट्टे पडलेली बाजू कशाने आली असेल रे?’ त्याला त्यात रस वाटेल असे मला वाटते. दुसऱ्याच दिवशी ते घरी करायची घाई मात्र करू नका. जीभ ताजी असते तेव्हा तुलना फार निर्दय होते. आठवडा जाऊ द्यावा.

मुलाशी तुम्हाला एकदा स्पष्ट बोलावे लागेल, पण केक हातात असताना बोलू नका. कधीतरी संध्याकाळी चहाच्या वेळी त्याला सांगा की मी केक स्वस्त पडतो म्हणून करत नाही आणि बाजारापेक्षा चांगला होतो म्हणूनही करत नाही. शाळा सुटल्यापासून मला काहीतरी नवे शिकायचे होते आणि ते मी शिकते आहे. त्याला तुमचे श्रम दिसतात, शिकणे दिसत नाही. त्याचे वाक्य पुन्हा वाचलेत तर त्यात ‘कशाला त्रास घेतेस’ हे आधी आले आहे. मला त्यात आईची काळजी दिसते, ती त्याला मांडता आली नाही एवढेच.

आता षष्ट्यब्दी. चाळीस माणसांचा केक घरी करू नका, तो बेकरीतून मागवा. २८ लिटरच्या ओव्हनमध्ये तेवढा केक तीन-चार वेळा भाजावा लागेल, त्यावर क्रीमचे काम आले, आणि त्या दिवशी होम, आशीर्वाद, औक्षण, आल्यागेल्याची उठबस हे सगळे सांभाळताना तुमचा जीव ओव्हनपाशी अडकून राहील. ह्यांच्या साठीच्या दिवशी तुम्ही ह्यांच्या शेजारी पाटावर असायला हव्यात. बाहेरून केक आणला म्हणून तुमच्या घरातले काही कमी होणार नाही.

परंतु त्या दिवशी तुमच्या हातचे ओव्हनमधले काहीतरी पानात पडावे असेही मला मनापासून वाटते, आणि ते काय असावे हे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. तवसळी करा. कोकणातून माळव्यात आलेल्या कितीतरी घरांनी हा पदार्थ आपल्याबरोबर आणला. खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून सासूबाई जे करत होत्या ते भाजणेच होते, आणि तुमच्या ओटीजीत खालची आणि वरची अशा ज्या दोन कांबा आहेत त्या तेच काम करतात. एक कप जाडसर रवा दोन मोठे चमचे तुपावर खमंग भाजून घ्या. दोन कप किसलेली काकडी तिच्या पाण्यासकट, एक कप चिरलेला गूळ, अर्धा कप ओले खोबरे आणि चिमूटभर मीठ एकत्र गरम करून गूळ विरघळला की त्यात तो रवा आणि वेलची घाला आणि मिश्रण घट्टसर होईपर्यंत हलवा. तूप लावलेल्या चौकोनी भांड्यात ते थापून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, वरून चांगली तांबूस होईपर्यंत भाजा. मोठे पिकलेले तवसे मार्गशीर्षात मिळणार नाही, पण साध्या काकडीने चालते. ती कडू नाही ना हे मात्र आधी चाखून घ्या. हिच्यात सोडा नाही, त्यामुळे ती फुगायची नाही, आणि जी फुगत नाही ती बसणार कशी? आठ इंची दोन भांडी आदल्या दिवशी एकामागून एक भाजलीत आणि प्रत्येकीच्या पंचवीस वड्या पाडल्यात तर चाळीस माणसांना पुरून उरतील. ही आदल्या दिवशी केलेली अधिक चांगली लागते, कारण रात्रभरात गूळ आणि काकडीचा ओलावा रव्यात मुरतो. त्याआधी येत्या दोन आठवड्यांत एकदा लहान प्रमाणात करून पाहा. ते पितळी पातेले माळ्यावरून काढून, चिंचेने घासून, कल्हई करून घ्या आणि समारंभात वड्या त्यातच मांडा. मुलाला सोबत घ्या, कारण ही कृती तुमच्या घरात कोणीतरी पुढे लिहून ठेवायला हवी.

समारंभ आटोपला, पाहुणे गेले आणि घरात जरा सामसूम झाली की दोन-तीन दिवसांनी एका रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास तुम्ही दोघेच राजवाड्यापाशी उतरा आणि चालत सराफ्यात जा. दागिन्यांची दुकाने तोवर बंद झालेली असतील आणि त्यांच्या ओट्यांपुढे कढया तापलेल्या असतील. मार्गशीर्षातली थंडी म्हणजे गराडूचे दिवस. दोघांत एकच दोना घ्या, लिंबू जरा जास्त पिळायला सांगा आणि शाल नीट गुंडाळून त्या मोठ्या कढईपाशी उभे राहा. तळणारा फोडी पहिल्या तळणीतून काढून बाजूला ठेवतो आणि मागणी आली की पुन्हा कडक तेलात सोडतो, त्या वेळी तेलाचा आवाज कसा बदलतो तो ऐका. किती पैसे झाले ते त्या रात्री ह्यांना विचारू नका. तवसळी कशी झाली आणि केकच्या वहीत आता काय लिहिले आहे, ते मला सवडीने कळवा.